टाकाऊतून टेरेन: ठाणे-नवी मुंबईतील वॉरगेम खेळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

टेबलटॉप वॉरगेममध्ये सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती टेबलावर मांडून फासे आणि मोजपट्टीच्या आधारे लढाई खेळली जाते; त्या टेबलावरचे डोंगर, घरे, झाडी, बांध, ओढे या सगळ्याला मिळून टेरेन म्हणतात. परदेशी बनावटीचे तयार टेरेन महाग पडते आणि त्यातली बहुतेक घरे, कुंपणे आणि टेकड्या युरोपातल्या असतात. घरातला पुठ्ठा, पॅकिंगचा थर्मोकोल आणि सुताराकडचा भुसा यांतून आपल्या मातीचे टेबल उभे राहू शकते, मात्र कोणती वस्तू कशासाठी वापरावी आणि आपल्या दमट हवेत ती किती टिकेल, याचा विचार आधी करावा लागतो. पुढील उत्तरे २८ मिलिमीटर मापाच्या, म्हणजे सुमारे तेवढ्या उंचीच्या प्रतिकृती गृहीत धरून दिली आहेत.

दिवाळीत आम्ही किल्ला करतोच. तोच टेबलावर मांडला तर चालणार नाही का?

किल्ला करताना हाताला जे वळण लागते, ते येथे पुरेपूर उपयोगी पडते. पण दिवाळीचा किल्ला पाहण्यासाठी असतो आणि टेरेन खेळण्यासाठी. किल्ल्यावरचा मावळा ओल्या मातीत खोचला की उभा राहतो, पेरलेला हळीव चार दिवसांत हिरवागार होतो, आणि तुळशीचे लग्न लागेपर्यंत सगळे आवरलेही जाते. टेरेनचा तुकडा मात्र वर्षानुवर्षे उचलला जातो, डब्यात एकावर एक रचला जातो, आणि त्यावर सपाट बेसची (पायाखालच्या चकतीची) प्रतिकृती कोणत्याही आधाराविना उभी राहावी लागते. म्हणून प्रत्येक तुकडा करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: त्यावर प्रतिकृती उभी राहते का, मोजताना हात आणि पट्टी आत जाते का, आणि तो एका हाताने उचलला तर तुटतो का. दिसण्याचा विचार त्यानंतरचा. नवख्यांच्या टेबलावर बहुतेक वेळा उलटे घडते. बुरूज देखणा असतो आणि त्यावर एकही सैनिक मावत नाही.

मापे कोणती धरावीत?

२८ मिलिमीटर मापाची प्रतिकृती म्हणजे ढोबळमानाने १:५६ ते १:६४ हे प्रमाण होय. १५ मिलिमीटरसाठी ते साधारण १:१००, प्लास्टिकच्या छोट्या सैनिकांसाठी १:७२, तर ६ मिलिमीटरसाठी १:३०० च्या आसपास असते. परंतु केवळ प्रमाण लावून घर बांधले, तर ते टेबलावर अडचणीचे ठरते, कारण प्रतिकृती बेसवर उभी असल्याने तिची उंची वाढते आणि बेसचा व्यास माणसाच्या खांद्यांपेक्षा बराच रुंद असतो. प्रत्यक्षात दार ३५ ते ४० मिलिमीटर उंच ठेवावे, बेस २५ मिलिमीटरचा असेल तर वाट, फांजी (तटावरची चालायची जागा) आणि टेकडीची पायरी किमान ३५ मिलिमीटर रुंद ठेवावी, आणि टेकडीचा एकेक थर २५ मिलिमीटर जाडीचा धरावा. उतार फार तिरका झाला की प्रतिकृती घसरते. नुसत्या मापांवर विसंबण्यापेक्षा एक प्रतिकृती कामाच्या जागी समोर ठेवावी आणि प्रत्येक कापणीपूर्वी ती त्या जागी उभी करून पाहावी.

कोणते टाकाऊ साहित्य खरोखर उपयोगी पडते, आणि ते येथे कुठे मिळते?

सर्वांत उपयोगी तीन वस्तू म्हणजे कुरियरचा नालीदार पुठ्ठा, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्मोकोल आणि सुताराकडचे उरलेसुरले तुकडे. पुठ्ठा प्रत्येक घरात येतो. थर्मोकोलसाठी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात शनिवार-रविवारच्या विक्रीनंतर विचारावे. सोसायटीत कुणी नवीन फ्रिज घेतला की सुक्या कचऱ्याच्या डब्याशेजारी तो आयताच सापडतो. फर्निचरचे काम चाललेल्या फ्लॅटमधून प्लायवूड, सनमायका आणि एमडीएफचे हातभर तुकडे कारागीर आनंदाने देतात, कारण एरवी ते गोणीत भरून खाली न्यावे लागतात.

याखेरीज कागदी लगद्याचे अंड्यांचे ट्रे दगडी भिंतीसाठी, हिराच्या झाडूच्या काड्या आणि विझलेल्या अगरबत्तीच्या काड्या कुंपणासाठी, काथ्या उंच गवतासाठी, जुन्या सीडी झाडांच्या बेससाठी, तर बाटल्यांची झाकणे पिंप आणि पाण्याच्या टाक्यांसाठी चांगली चालतात. नवी मुंबईकरांची आणखी एक सोय आहे: तुर्भ्याच्या एपीएमसी फळबाजारात सफरचंदांच्या पेट्यांतले लगद्याचे ट्रे ढिगाने निघतात. ठाण्यात झाडू, काथ्या, सुतळी असे किरकोळ सामान जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत मिळून जाते.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. "कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून जमवलेला ढीग हा या छंदाचा खरा शत्रू आहे. कोणता तुकडा करायचा हे ठरवून त्यापुरतेच सामान घरात आणावे. दोन खोल्यांच्या घरात याला पर्याय नाही.

थर्मोकोलवर बंदी आहे ना?

महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेने थर्मोकोलची ताटे, पेले यांसारख्या एकदाच वापरायच्या वस्तू आणि सजावटीचा थर्मोकोल यांवर निर्बंध आणले, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल-वापर प्लास्टिकच्या बंदीतही सजावटीच्या थर्मोकोलचा समावेश आहे. म्हणून दुकानातून नवीन शीट विकत घेण्याच्या फंदात पडू नये. वस्तूच्या पॅकिंगमधून घरात आलेला थर्मोकोल कचऱ्यात टाकण्याऐवजी वर्षानुवर्षे वापरणे हेच शहाणपणाचे. कापताना उडणारे मणी नाल्यात वा खाडीत जाऊ देऊ नयेत; काम संपल्यावर ओल्या फडक्याने टिपून पिशवीत भरावेत. उरलेला थर्मोकोल जाळणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे, कारण त्यातून काजळी आणि घातक वायू निघतात.

पॅकिंगमधला सगळाच पांढरा फोम सारखा असतो का?

नाही. वाकवला की कटकन तुटतो आणि ज्यातून मणी सांडतात तो थर्मोकोल. वाकवला तरी न तुटता पुन्हा सरळ होतो, तो मऊ फोम पॉलिएथिलीनचा असतो. त्याला फेविकॉल नीट धरत नाही आणि रंगही पापुद्र्यासारखा सुटतो. तो टेरेनसाठी न वापरता तयार टेरेन गुंडाळून ठेवण्यासाठी राखून ठेवावा. फळांभोवतीची जाळीही त्याच जातीची असते.

थर्मोकोल कापण्यासाठी यंत्र घ्यावे लागते का?

सुरुवातीला नाही. सरकत्या पात्याचा साधा कटर पुरतो, मात्र पाते नवे हवे, बरेचसे बाहेर काढलेले हवे आणि ते दाबण्याऐवजी लांब ओढून चालवायला हवे; बोथट पाते मणी उपटते आणि कडा कुरतडल्यासारखी दिसते. नायक्रोमच्या तापलेल्या तारेचा कटर घेतला तर काप गुळगुळीत येतो, परंतु तारेखाली वितळणाऱ्या थर्मोकोलचा धूर श्वासात जाऊ नये म्हणून हे काम खिडकीशी किंवा गॅलरीतच करावे.

कोणता गोंद कशासाठी?

पुठ्ठा, लाकूड, भुसा, वाळू आणि थर्मोकोल या सर्वांसाठी पांढरा फेविकॉल हाच मुख्य गोंद होय. तो पाण्याचा असल्याने हवा लागल्याशिवाय सुकत नाही. थर्मोकोलचे दोन मोठे तुकडे एकमेकांवर चिकटवले तर मधला गोंद कित्येक दिवस ओलाच राहतो. म्हणून गोंद पूर्ण पृष्ठभागावर न पसरता ठिपक्यांनी लावावा, दोन्ही थरांतून तिरप्या टूथपिक खोचाव्यात आणि वर पुस्तकांचे वजन ठेवून निदान एक दिवस हात लावू नये. चप्पल-बूट आणि सनमायका चिकटवण्याचे पिवळसर रबरी गोंद थर्मोकोलला खाऊन टाकतात. फेविक्विकचाही त्यावर वापर टाळावा. ग्लू गन चालते, पण टोक थेट थर्मोकोलवर टेकवू नये. गोंद आधी पुठ्ठ्याच्या बाजूला लावून क्षणभर थांबावे.

घरच्या मैद्याची खळ पुठ्ठ्याला छान बसते आणि जवळजवळ फुकट पडते, पण ती झुरळांना आणि कसरीला आमंत्रण देते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत ते याचसाठी. मोरचूद विषारी असल्याने घरच्या टेबलावर तो प्रयोग नको.

सह्याद्रीसारखा कडा कसा करावा?

या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, कारण थर्मोकोलचे सपाट थर एकावर एक रचणे ही टेकडी करण्याची सर्वांत सोपी पद्धत आणि सह्याद्रीची मूळ घडण या दोहोंत मोठे साम्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून थंड झाले आणि त्यातून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. त्यामुळे आपले डोंगर गोल घुमटासारखे न दिसता उभा कडा, मग गवताळ माची, मग पुन्हा उभा कडा अशा पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात. परदेशी व्हिडिओंमध्ये टेकडीच्या पायऱ्या लपवण्यासाठी कडा तासून उतार करायला सांगतात. येथे ते करू नये. पायरी तशीच ठेवावी, माचीवर प्रतिकृती आरामात उभ्या राहतात आणि डोंगर अधिक खरा दिसतो.

प्रत्यक्ष कृती अशी. २५ मिलिमीटर जाडीचे तीन थर घ्यावेत आणि प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा एका बाजूने ४० मिलिमीटर आत, तर दुसऱ्या बाजूने जवळजवळ काठाला मिळवून बसवावा, म्हणजे एक बाजू चढण्याची आणि दुसरी तुटलेल्या कड्याची होते. कड्याची बाजू कटरने न कापता हाताने मोडत जावी. मोडलेल्या थर्मोकोलचे मणी दिसतात, त्यावर वॉल पुट्टी आणि पाणी यांची दह्याइतकी दाट पेस्ट जुन्या ब्रशने थापटावी. ती अर्धवट सुकली, की बोथट पेन्सिलीने उभ्या भेगा ओढाव्यात. बेसॉल्टच्या कड्यात उभ्या चिरा आणि आडव्या थरांच्या रेषा या दोन्ही दिसतात, आणि त्यातली आडवी रेषा सलग तर उभी तुटक असावी. कड्याच्या पायथ्याशी दगडांचा खच हवाच. त्यासाठी बांधकामावर सांडलेली दगडाची कच चाळून घ्यावी. ती मुळात बेसॉल्टचीच असल्याने रंगवली नाही तरी शोभते.

सिमेंटची पुट्टी एकदा पाण्यात कालवली की काही तासांत दगड होते, म्हणून लागेल तेवढीच वाटीत घ्यावी आणि उरलेली मोरीच्या जाळीत ओतू नये.

स्प्रे मारल्यावर थर्मोकोल विरघळला. मग रंग द्यायचा कसा?

कॅनमधल्या बहुतेक स्प्रेमधील द्रावक थर्मोकोल विरघळवतो. पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव यांचेही तेच. त्यामुळे पहिला थर नेहमी पाण्याच्या रंगाचा आणि ब्रशने द्यावा, आणि तो एकही मणी उघडा न ठेवता पूर्ण झाकणारा असावा. हा पहिला थर केवळ रंग नसून तुकड्याचे कवच असते.

स्वस्त आणि टणक कवचासाठी दोन भाग फेविकॉल, एक भाग काळा ॲक्रिलिक रंग आणि एक भाग पुट्टी यांचे मिश्रण चांगले ठरते. काळ्या ॲक्रिलिकऐवजी हार्डवेअरच्या दुकानात लादीसाठी मिळणारी काळी ऑक्साइडची पूड घातली तर खर्च आणखी उतरतो. पूड बारीक असल्याने कालवताना तोंडाला फडके बांधावे. भिंतीच्या रंगात घालायच्या स्टेनरच्या छोट्या बाटल्या मोहात पाडतात, पण स्टेनर हा रंगात थोडासाच घालायचा असतो. तो जास्त झाला की थर चिकट राहतो आणि सुकत नाही. दोन हात द्यावेत, मध्ये रात्र जाऊ द्यावी. थर सुकला की नखाने टोचून पाहावे. खळगा पडत असेल तर तिसरा हात द्यावा.

त्यानंतरचे काम कोरड्या ब्रशचे. जुना चपटा ब्रश राखाडी रंगात बुडवून तो रद्दी कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि मग कड्यावरून हलक्या हाताने आडवा फिरवावा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो आणि खाचा काळ्या राहतात. पहिल्यांदा गडद राखाडी, मग त्यात किंचित पांढरा आणि थेंबभर गेरूचा रंग. निव्वळ काळ्या-पांढऱ्याचा राखाडी निर्जीव दिसतो. शेवटी खाचांत पातळ केलेला तपकिरी रंग सोडायचा असेल, तर त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब घालावा, म्हणजे तो थेंबाथेंबाने न थबकता भेगांत पसरतो.

टाकाऊ वस्तूंचे टेबल विजोड दिसते त्याचे कारण वस्तू नसून रंग असतो. पुठ्ठ्याची भिंत, थर्मोकोलचा डोंगर आणि करवंटीची विहीर या तिन्हींना एकच काळे कवच, एकच राखाडी आणि पायथ्याला एकच मातीचा रंग दिला, तर त्या मुळात कशाच्या होत्या हे कुणी विचारत नाही. म्हणून मातीचा रंग एकदाच मोठ्या बरणीत कालवून ठेवावा आणि झाकणावर तारीख टाकावी. दर वेळी नव्याने कालवलेली माती कधीच जुन्या मातीशी जुळत नाही.

कौलारू घर कशाचे करावे?

भिंती दुहेरी पुठ्ठ्याच्या कराव्यात, एका थराच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवाव्यात. तसे केले की भिंत वाकत नाही. छप्पर सुटे ठेवावे, म्हणजे ते उचलून आत प्रतिकृती ठेवता येतात. पत्र्याचे छप्पर हवे असेल, तर पुठ्ठ्याचा वरचा कागद ओल्या स्पंजाने भिजवून सोलावा. आतल्या नाल्या उघड्या पडल्या, की पत्रा तयार. मंगळुरी कौल खऱ्या आयुष्यात साधारण ४० सेंटिमीटर लांब असते, म्हणजे आपल्या प्रमाणात सात मिलिमीटर. अंड्याच्या ट्रेच्या पुठ्ठ्याच्या सात मिलिमीटरच्या पट्ट्या कापून, खालच्या काठाला चार-चार मिलिमीटरवर चिरा देऊन, त्या वळचणीकडून आढ्याकडे एकमेकींवर किंचित चढवत लावाव्यात. वरून खाली लावल्या तर शेवटी सगळे उलटे दिसते. मधूनच एखादे कौल कातरून टाकावे आणि दोन-चार कौलांना काळपट हात द्यावा. एकसारखे नवे छप्पर कोकणात पहिल्या पावसापर्यंतच टिकते. अर्थात अठराव्या शतकाचे टेबल असेल तर मंगळुरी कौले वापरू नयेत, कारण ती १८६० च्या दशकात मंगळुरात होऊ लागली. त्या काळासाठी नळीची कौले किंवा गवताचे छप्पर करावे.

गवत आणि झाडीसाठी काय वापरावे? वापरलेला चहा चालतो असे ऐकले आहे.

चहा चालतो, परंतु आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला असतो हे विसरू नये. परदेशात नुसत्या पाण्यात बुडवलेली पत्ती वाळवून वापरतात. आपल्याकडचा चोथा तसाच वाळवला तर आठवड्यात मुंग्या आणि महिन्यात बुरशी. तो गाळणीत वाहत्या पाण्याखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावा, कडक उन्हात वाळवावा आणि मगच पातळ फेविकॉलवर पसरावा. जंगलातल्या पाचोळ्यासाठी त्याला तोड नाही.

हिरव्या गवतासाठी लाकडाचा भुसा चाळणीने चाळून, पाण्यात पातळ केलेल्या रंगात भिजवून, वर्तमानपत्रावर वाळवावा. हिरव्याच्या दोन-तीन छटा आणि थोडा पिवळा वेगवेगळा रंगवून मग मिसळावा. एमडीएफचा भुसा घेऊ नये. तो फार बारीक असतो आणि श्वासाला त्रास देतो. झुडपांसाठी भांडी घासायचा हिरवा स्क्रबर फाडून किंवा वाळलेल्या घोसाळ्याच्या आतली जाळी तोडून वापरावी. झाडाचे खोड इलेक्ट्रिशियनकडच्या उरलेल्या तारेच्या पेडांना पीळ देऊन होते. आपल्या टेबलावर सूचिपर्णी झाडांचे शंकू मात्र नकोत; ताड, आंबा, बांबू आणि निवडुंग एवढ्यावर कोकणपट्टी उभी राहते.

येऊरहून दगड, शेवाळ आणि काटक्या आणल्या तर?

आणू नयेत. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथून काहीही उचलून आणता येत नाही. सोसायटीच्या आवारातली झाडे छाटली जातात तेव्हा हव्या तेवढ्या काटक्या मिळतात. त्या दिवसभर उन्हात ठेवून मगच घरात घ्याव्यात, म्हणजे आतले किडे निघून जातात.

ठाण्याच्याच इतिहासातली लढाई मांडायची असेल तर कोणते टेरेन लागेल?

१७३७ ते १७३९ ची वसईची मोहीम यासाठी उत्तम आहे. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजांनी १७३७ मध्ये ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला होता. आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे नकाशा डोळ्यांसमोर ठेवूनच तो करावा लागतो. मात्र या मोहिमेचे खरे टेरेन तटबंदीपेक्षा खाडी, चिखल, खारफुटी आणि मिठागरे हे आहे, आणि सुदैवाने ते सगळे किल्ल्यापेक्षा स्वस्तात होते.

खाडीसाठी सनमायकाचे किंवा प्लायचे लांब तुकडे घ्यावेत आणि पाणी निळे रंगवू नये. ठाण्याची खाडी मातकट हिरवी आहे. काठाला तपकिरी आणि मध्ये काळपट हिरवा देऊन वर पाण्याच्या वॉर्निशचे तीन-चार हात द्यावेत. फेविकॉलचा जाड थर सुकल्यावर काचेसारखा दिसतो खरा, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत तो पुन्हा दुधाळ होतो. खारफुटीची मुळे काथ्याच्या उभ्या तुकड्यांनी चिखलात रोवलेली दाखवावीत. मिठागर म्हणजे पुठ्ठ्यावर बोटभर रुंदीच्या बांधांचे चौकोन; त्यात फिकट राखाडी रंग, कोपऱ्यात पांढऱ्या पुट्टीचे छोटे ढीग. खेळाच्या दृष्टीने मिठागर फार रंजक ठरते, कारण बांधावरून चालणारी तुकडी वेगाने जाते पण उघडी पडते, आणि खाचरातून जाणारी संथ होते. भातखाचरेही याच पद्धतीने होतात.

काठाची वाळू खाडीवरून आणली असेल तर ती गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवावी. त्यातले मीठ हवेतला ओलावा ओढते आणि रंगावर पांढरी बुरशीसारखी झाक आणते.

टेबलावर अंथरायची चटई घरी करता येते का?

येते, आणि त्यासाठी जुना फ्लेक्स उत्तम. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकांचा ठाण्यात कधीच तुटवडा नसतो. उतरवून ठेवलेला फलक लावणाऱ्याला विचारून घ्यावा. तो मागच्या बाजूने बारीक सँडपेपरने घासावा, नाहीतर पीव्हीसीवर रंग धरत नाही. मग ॲक्रिलिक सीलंटची नळी, बारीक वाळू आणि मातीचा रंग कालवून पुठ्ठ्याच्या तुकड्याने पातळ पसरावे. सिलिकॉन सीलंट घेऊ नये, त्यावर कोणताही रंग बसत नाही. ॲक्रिलिक सीलंट सुकल्यावरही लवचिक राहते, त्यामुळे चटई रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळता येते.

पावसाळ्यात पुठ्ठा वाकतो आणि बुरशी धरतो. उपाय काय?

पुठ्ठा वाकण्याचे मुख्य कारण पाऊस नसून एकाच बाजूला दिलेला ओला थर हे आहे. फेविकॉल आणि रंग सुकताना आक्रसतात आणि त्या बाजूला बेस ओढून घेतात. म्हणून वरच्या बाजूला जेवढे हात, तेवढेच खालच्या बाजूलाही द्यावेत, आणि सुकताना तुकडा जाळीवर किंवा चार झाकणांवर ठेवावा, म्हणजे खालूनही हवा लागते. कापलेल्या कडा उघड्या राहिल्या तर नाल्यांमधून ओलावा आत शिरतो. त्या कागदी पट्टीने बंद कराव्यात. मोठ्या तुकड्यांना पुठ्ठ्याचा बेस देऊच नये, प्लाय किंवा सनमायका द्यावी.

पुट्टीची आणि कवचाची कामे शक्यतो मे अखेरीपर्यंत उरकावीत. जून ते सप्टेंबर या काळात एका रात्रीत सुकणारा थर दोन दिवस घेतो, आणि आत ओलावा असताना वरून वॉर्निश दिले तर बुरशी आतूनच वाढते. त्या महिन्यांत कौले कापणे, झाडांच्या तारा पिळणे, प्रतिकृती रंगवणे अशी कोरडी कामे करावीत. सुकायची घाई असेल तर तुकडा पंख्याखाली ठेवावा. हेअर ड्रायर थर्मोकोलच्या फार जवळ नेला तर तो आक्रसतो.

दोन खोल्यांच्या घरात हे सगळे ठेवायचे कुठे?

सहा बाय चार फुटांचे अखंड टेबल करण्याच्या भानगडीत पडू नये. दोन बाय दोन फुटांचे सुटे तुकडे करावेत. सहा तुकडे जोडले की पूर्ण टेबल होते, चकमकीच्या छोट्या खेळाला चार पुरतात, आणि सगळे कपाटामागे उभे राहतात. सुट्या तुकड्यांची ही युक्ती नवी नाही. प्रशियात राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजासाठी केलेल्या युद्धखेळाच्या टेबलावरही भूप्रदेशाचे तुकडे हवे तसे बदलून मांडता येत असत.

डोंगर एकमेकांवर बसतील अशा मापाने करावेत, घरे छप्पर काढून एकात एक ठेवावीत. माळ्यावर ठेवायचे असेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाकाव्यात. सवयीने डांबरगोळ्या मात्र टाकू नयेत. त्यांच्या वाफेने थर्मोकोल आणि पॉलिस्टायरीनच्या प्रतिकृती मऊ पडतात.

लहान मुलांना या कामात घेता येते का?

अवश्य घ्यावे. कटर, तापलेली तार आणि ऑक्साइडची पूड एवढे मोठ्यांकडे ठेवावे. फाडणे, भुसा पेरणे, कोरडा ब्रश फिरवणे हे मुले बहुधा मोठ्यांपेक्षा मोकळ्या हाताने करतात.

पंखा लावला की झाडे आडवी होतात. खेळताना पंखा बंद ठेवावा का?

मे महिन्यात ठाण्यात हे कुणालाही जमणार नाही. थर्मोकोल आणि पुठ्ठ्याचे टेरेन हलके असते, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या बुडाशी वजन द्यावे. झाडांच्या सीडीखाली हार्डवेअरच्या दुकानातले दोन-तीन लोखंडी वायसर चिकटवावेत, घराच्या आत कोपऱ्यात फरशीचा तुकडा बसवावा आणि बुडाला जुन्या माउस पॅडची रबरी चकती लावावी, म्हणजे सनमायकाच्या टेबलावर तुकडा घसरतही नाही. सीडी गुळगुळीत असल्याने गोंद लावण्यापूर्वी तिच्या दोन्ही बाजू सँडपेपरने घासून घ्याव्यात.